किल्ला राखायचा की शहर?

टँकच्या गेममध्ये हरण्याची सगळ्यांत लाजिरवाणी रीत म्हणजे आपल्याच गोळ्याने आपलं ठाणं उडवणं. पडद्याच्या तळाशी मधोमध एक गरुड, त्याच्याभोवती विटांचं जेमतेम एका ओळीचं कुंपण आणि शेजारी आपला पिवळा रणगाडा. दुसरा भिडू असेल तर त्याचा हिरवा. शत्रूचे वीस रणगाडे वरच्या कडेला तीन ठिकाणी उगवतात आणि विटा फोडत खाली येतात. आपल्याकडे तीन जीव शिल्लक असले तरी गरुडाला एक गोळा लागला की खेळ खलास. तो गोळा कुणाचा होता, हे यंत्र विचारत नाही. घाईत मागे वळून बटण दाबलं, मधली वीट उडाली आणि पुढचा गोळा थेट गरुडावर गेला, की शेजारी बसलेला भाऊ पुढचा आठवडाभर ते ऐकवत असे.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षं हा खेळ मराठी घरांत इतका रुळला होता, की त्याचं खरं नाव विचारायची कुणाला गरजच पडली नाही. ‘टँकवाला गेम’ म्हटलं की काम भागायचं. सुरतेच्या औद्योगिक पट्ट्यात काय, गावाकडे नंदुरबार-अमळनेरला काय, ज्या घरात टीव्ही आणि हट्टी मूल दोन्ही होतं तिथे तो कधी ना कधी पोचला.

हा पट्टा समजायचा तर कडोदऱ्याचा चौक पाहावा. पलसाणा तालुक्यातलं हे एकेकाळचं खेडं. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता इथे एकमेकांना छेदतात, म्हणून सगळे त्याला ‘कडोदरा चार रस्ता’ म्हणतात. डाइंग-प्रिंटिंगच्या मिला आल्या, त्यांच्यामागून भाड्याच्या खोल्यांच्या चाळी आल्या आणि गावाची नगरपालिका झाली. ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश इथून कामगार आले. खान्देशातून येणाऱ्यांना तर सुरत परकी वाटायचं कारणच नव्हतं. तापी खोऱ्यातली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, तेव्हापासून भुसावळ, अमळनेर, नंदुरबार, नवापूर आणि उधना एकाच रुळावर आहेत. उधना आणि लिंबायत भागात आजही अहिराणी कानावर पडते, आणि सुरत महापालिका गुजराती शाळांबरोबर मराठी शाळाही चालवते.

तर टँक. घरात यायचा तो एक प्लास्टिकचा डबा. समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी नावं असलेला. त्यासोबत वायरने जोडलेले दोन रिमोट आणि एक कॅसेट. त्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असे आणि ते शुद्ध थापेबाजी असे. आत मोजके खेळ असायचे. तेच खेळ वेगवेगळ्या पातळीपासून सुरू करून, नाव बदलून पुन्हा पुन्हा यादीत घातलेले. कॅसेट चालली नाही तर काढून तिच्या दातांवर फुंकर मारायची, हे ज्ञान कुठल्याही पुस्तकाशिवाय कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत पसरलं होतं. फुंकरेने काहीच होत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे संपर्क नीट जुळायचा, श्रेय मात्र फुंकरेला जायचं.

मूळ खेळ जपानी. नामको कंपनीने १९८० मध्ये ‘टँक बटॅलियन’ नावाचा नाणं टाकून खेळायचा खेळ काढला. पाच वर्षांनी, १९८५ मध्ये, त्याचाच सुधारलेला अवतार निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’ या घरगुती यंत्रासाठी आला, तो ‘बॅटल सिटी’. पस्तीस नकाशे होते, झाडीत लपता यायचं, पाण्याने वाट अडायची, बर्फावर रणगाडा घसरायचा. फावड्याचं चित्र उचललं की गरुडाभोवतीच्या विटा थोडा वेळ पोलादाच्या होत. स्वतःचा नकाशा स्वतः रचायचीही सोय होती, आणि बहुतेक मुलं तिथे पहिलं काम कोणतं करत? गरुडाला चहूबाजूंनी पोलादात चिणून टाकायचं. पुढे चीनमध्ये या खेळाची मोडतोड करून ‘टँक १९९०’ नावाची आवृत्ती निघाली. अनेक कॅसेटींवर असायची ती हीच.

जपानबाहेर अधिकृतपणे फारसा न विकलेला हा खेळ रशिया, चीन आणि भारतात घराघरांत पोचला, तो नकली यंत्रांमुळे. आणि नकली यंत्रं स्वस्त झाली ती एका चिपमुळे.

ही चिप म्हणजे ६५०२. मॉस टेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीने ती १९७५ मध्ये अवघ्या २५ डॉलरना विकायला काढली, तेव्हा इतर कंपन्यांच्या तशा चिपा कितीतरी पट महाग होत्या. तिच्यावर ॲपलचा पहिला संगणक उभा राहिला, अटारी या व्हिडिओ गेमच्या कंपनीची यंत्रं उभी राहिली. फॅमिकॉमचा मेंदू जपानच्या रिको कंपनीने बनवला, तोही ६५०२ च्याच घराण्यातला. नव्वदच्या दशकात तैवान-चीनमधल्या कारखान्यांनी अख्खा फॅमिकॉम एकाच चिपमध्ये कोंबला आणि तिच्यावर काळ्या लुकणाचा ठिपका ओतला. जुना डबा उघडून पाहिलेल्या कुणालाही तो ठिपका आठवत असेल. आत दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलंच नसायचं.

हीच ६५०२ आणखी एका यंत्रात होती. ठाणी राखण्याच्या खेळांचा इतिहास सांगायचा तर त्या यंत्राला वगळून चालत नाही. तेच या घराण्यातलं थोरलं पात्र: ‘मिसाइल कमांड’, अटारी, जुलै १९८०.

अटारीचं मुख्यालय कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात होतं. याच गावात लॉकहीड कंपनीचा क्षेपणास्त्र विभाग होता. पाणबुड्यांमधून डागायची पोलारिस, पोसायडन आणि ट्रायडेंट ही अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं तिथे आखली गेली. म्हणजे एकाच गावात एका बाजूला शहरं उडवणारी खरी क्षेपणास्त्रं आकार घेत होती आणि दुसऱ्या बाजूला डेव्ह थ्युरर नावाचा तरुण प्रोग्रामर रिच ॲडम या सहकाऱ्यासह ती पडद्यावर अडवायचा खेळ रचत होता. वरिष्ठांनी सांगितलं होतं इतकंच, की क्षेपणास्त्रं येताहेत आणि किनारा वाचवायचा आहे, असा काहीतरी खेळ कर. थ्युररने एक गोष्ट पक्की ठरवली: खेळाडू हल्ला करणार नाही. उलट मारा करायचं बटणच यंत्रावर नसेल. फक्त बचाव.

खेळ असा. जमिनीवर सहा शहरं आणि तीन ठाणी. प्रत्येक ठाण्यात दहा क्षेपणास्त्रं, म्हणजे एका फेरीला तीस. वरून रेघा ओढत शत्रूची क्षेपणास्त्रं येतात. काही वाटेत फुटून एकाची अनेक होतात. हातात एक मोठा फिरता गोळा, तो फिरवून आकाशात नेमकी जागा धरायची आणि तीन बटणांपैकी एक दाबायचं. इथे खरी मेख आहे. क्षेपणास्त्र आत्ता जिथे आहे तिथे मारून उपयोग नाही. आपलं अस्त्र पोचेपर्यंत ते पुढे सरकलेलं असतं. ते जिथे येणार आहे तिथे स्फोटाचा ढग आधीच फुलवून ठेवायचा आणि त्याने स्वतःहून त्यात शिरावं, अशी व्यवस्था करायची. मधल्या ठाण्याची अस्त्रं वेगवान, कडेच्या ठाण्यांची संथ. मधलं ठाणं रिकामं झालं की कडेची दोन आपली धांदल बघत बसतात, असं वाटू लागतं.

आणि मग तो प्रश्न येतो, ज्यासाठी हा खेळ चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही आठवावासा वाटतो. तीन रेघा येताहेत, वेळ एकच अस्त्र सोडण्यापुरता उरलाय. एक रेघ ठाण्यावर, दोन शहरांवर. ठाणं गेलं तर त्यातली उरलेली अस्त्रं गेली, मग बाकीची शहरंही उघडी पडणार. पण पुढच्या फेरीत ठाणं पुन्हा भरून मिळतं. शहर मिळत नाही. ते गेलं की गेलं. दहा हजार गुण झाले तर बक्षीस म्हणून एखादं नवं मिळेल, तेवढंच. निर्णयाला सेकंदाचा काही अंश मिळतो. सहाही शहरं संपली की पडदा चमकतो आणि भल्यामोठ्या स्फोटावर अक्षरं येतात: ‘दि एंड’. तोवरच्या बहुतेक खेळांसारखं ‘गेम ओव्हर’ नाही.

या खेळाला जिंकणं नाही. फेऱ्या वेगवान होत जातात आणि एकेक शहर जातं. गंमत अशी, की प्रोग्राममधल्या एका चुकीमुळे ८,१०,००० गुणांचा टप्पा ओलांडणाऱ्याला यंत्र एकदम १७६ शहरं बहाल करतं. बचावाचं सगळ्यांत मोठं यश गणिताच्या घोटाळ्यातून मिळावं, हे शीतयुद्धाच्या काळाला शोभणारंच.

शोभणारं अशासाठी, की त्याच सुमारास खरी यंत्रंही घोटाळे करत होती. ९ नोव्हेंबर १९७९ रोजी अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रातल्या पडद्यांवर सोव्हिएत हल्ला सुरू झाल्याचं दिसलं. प्रत्यक्षात सरावाची माहिती चुकून खऱ्या यंत्रणेत शिरली होती. ३ जून १९८० ला पुन्हा इशारा झाला, तो काही सेंट किमतीच्या एका बिघडलेल्या चिपमुळे. पुढच्याच महिन्यात ‘मिसाइल कमांड’ बाजारात आला. इराणमध्ये अमेरिकी ओलीस अडकलेले होते, सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात होत्या. खेळातली सहा शहरं सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची होती, युरेका आणि सॅन फ्रान्सिस्कोपासून सॅन डिएगोपर्यंत. नंतर नावं काढून टाकली. मग ज्याला जे शहर आपलं वाटेल ते. थ्युररला मात्र खेळ पुरा होईपर्यंत आणि त्यानंतरही अण्वस्त्रहल्ल्याची स्वप्नं पडत राहिली, हे त्याने स्वतःच पुढे अनेकदा सांगितलं आहे.

घरी खेळायची आवृत्ती १९८१ मध्ये आली. ती रॉब फुलॉपने केली आणि तिच्या पंचवीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. तिथे ठाणं तीनऐवजी एकच उरलं आणि माहितीपुस्तिकेत युद्ध थेट परग्रहांवर गेलं: झार्डन नावाच्या ग्रहाची शहरं, क्रिटॉलचे हल्लेखोर. दिवाणखान्यात अणुयुद्ध नको, असा विचार कुणीतरी केला असणार. नाणं टाकून खेळायच्या यंत्राला तो संकोच नव्हता.

लष्कराला तर संकोच नव्हताच. अटारीचा १९८० चा रणगाड्यांचा खेळ ‘बॅटलझोन’ अमेरिकी सैन्याला इतका आवडला, की ब्रॅडली या चिलखती वाहनांच्या तोफचींना शिकवण्यासाठी त्याची खास आवृत्ती करून मागितली. खेळाचा कर्ता एड रॉटबर्ग नाखुशीनेच त्यासाठी तयार झाला.

‘ठाणं की शहर’ हा पेच थ्युररने हवेतून काढला नव्हता. अमेरिका आणि सोव्हिएत संघाने १९७२ मध्ये क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा करार केला. दोन वर्षांनी ती मर्यादा आणखी आवळली: प्रत्येक देशाला एकच जागा राखता येईल. राजधानी निवडा किंवा क्षेपणास्त्रांचा तळ. सोव्हिएत संघाने मॉस्को निवडलं. अमेरिकेने एकही शहर निवडलं नाही. नॉर्थ डाकोटातल्या गव्हाच्या शेतांमध्ये पुरलेली आपली क्षेपणास्त्रं निवडली. त्यामागचा हिशेब सरळ होता. शहर वाचवलं तर माणसं वाचतात, तळ वाचवला तर उलट मारा करायची ताकद वाचते, आणि ती ताकद शाबूत आहे हे शत्रूला ठाऊक असलं तर तो शहरावर येणारच नाही. ‘सेफगार्ड’ नावाची ही यंत्रणा ऑक्टोबर १९७५ मध्ये पूर्ण सज्ज झाली आणि लगेच दुसऱ्याच दिवशी अमेरिकी प्रतिनिधिगृहाने ती बंद करायच्या बाजूने मत दिलं. काही महिन्यांत ती बंद पडलीही. तिची अडवणारी अस्त्रंसुद्धा अण्वस्त्रं होती: समोरून येणाऱ्याला नेमकं टिपायचं नाही, त्याच्या वाटेत स्फोट घडवायचा. ‘मिसाइल कमांड’मधले ते फुलणारे ढग कल्पनेतले नव्हते.

‘मिसाइल कमांड’चं यंत्र आपल्याकडच्या पोरांच्या वाट्याला का आलं नाही, याचं कारण काळाच्या हिशेबात आहे. परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर जबर आयातशुल्क असे. शहरांतल्या व्हिडिओ गेम पार्लरांचा खरा सुगीचा काळ उदारीकरणानंतरचा, आणि तोवर ‘मिसाइल कमांड’ दहा-पंधरा वर्षांचा म्हातारा झाला होता. रुपया-दोन रुपयांचं टोकन टाकणाऱ्या पोरांना ‘स्ट्रीट फायटर’ हवा होता. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा १९९३ चा खेळ तर देशभर त्यातल्या टोपीवाल्या पात्राच्या नावानेच ओळखला गेला: मुस्तफा. मुस्तफाला रस्त्यावरची टोळकी बडवायची होती. शहरं वाचवत बसायची नव्हती.

पार्लरकडे पालक संशयाने पाहत आणि सरकारही. कायद्याच्या नजरेत ती सार्वजनिक करमणुकीची जागा. सुरत १९६० पर्यंत मुंबई राज्यातच होती, त्यामुळे महाराष्ट्र आणि गुजरात या दोघांच्याही वाट्याला १९५१ चा मुंबई पोलीस कायदा वारशाने आला आणि परवान्याचा मामला पोलिसांच्या हाती राहिला. महाराष्ट्राने व्हिडिओ गेमवर करमणूक शुल्कही बसवलं. दक्षिणेत पार्लरचालक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या १९९५ च्या खटल्यात प्रश्न होता, की हे खेळ कौशल्याचे की नशिबाचे, आणि त्यांना परवाना हवा का. न्यायालयाने परवान्याचे नियम वैध ठरवले. खरा राग होता तो पैसे लावून खेळायच्या यंत्रांवर. पण एकाच खोलीत दोन्ही प्रकार ठेवले की फटका दोघांना बसतो. ठाणं राखणारा सज्जन खेळही त्यामुळे घरात, टीव्हीसमोर, आईच्या नजरेखाली आला हे एका परीने बरंच झालं.

आता सुरत. मराठी माणसाला या शहराच्या नावाबरोबर आठवते ती जानेवारी १६६४ मधली शिवाजी महाराजांची स्वारी. शाळेच्या पुस्तकात ती गोष्ट घोड्यावर बसलेल्याच्या बाजूने येते आणि तशीच यावी. मुघल सरदार शाएस्तेखानाच्या तीन वर्षांच्या मुक्कामाने स्वराज्य ओरबाडून निघालं होतं आणि भरपाई मुघलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून वसूल झाली. पण ज्यांची घरं आज उधन्यात आहेत त्या मराठी मुलांना तीच गोष्ट तटाच्या आतून पाहायची संधी आहे. आतून पाहिलं, तर तो बचावाच्या फजितीचा नमुना दिसतो.

तापीच्या काठावरचा सुरतेचा किल्ला १५४० च्या दशकात बांधला गेला. पोर्तुगीज आरमाराने शहर पुन्हा पुन्हा जाळलं, म्हणून गुजरातच्या सुलतानाच्या सांगण्यावरून खुदावंद खानाने तो उभारला. म्हणजे जन्म झाला तोच शहराच्या रक्षणासाठी. पण तोफा नदीकडे. पाठीमागच्या शहराला धड तट नव्हता; मातीचं कुंपण होतं, तेही ढासळलेलं. मुघल सुभेदार इनायत खान पाचशे शिपायांचा पगार उचलत असे आणि शिपाई ठेवत नसे, अशी बदनामी होती. ५ जानेवारीला शिवाजी महाराज उधन्याला पोचले. बातमी कळताच खान किल्ल्यात शिरला आणि पाठोपाठ ज्यांना लाच देणं परवडलं ते धनिकही. दोन लाखांच्या आसपास वस्तीचं शहर बाहेर उघडं राहिलं.

६ जानेवारीला महाराजांचा डेरा बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर एका बागेत पडला. याच दरवाजातून खान्देशची वाट निघायची. पुढचे चार दिवस वीरजी व्होरासारख्या व्यापाऱ्यांच्या वाड्यांची लूट चालली, घरं पेटली. खानाने वाटाघाटीच्या नावाखाली एक माणूस पाठवला. त्याने महाराजांवरच खंजीर उपसला आणि जागीच मारला गेला. किल्ल्यातून तोफा डागल्या गेल्या, पण गोळे पडले ते शहरावरच. टँकच्या गेममध्ये ज्याला हसतात ती चूक इथे सुभेदाराने खऱ्या दारूगोळ्याने केली.

याउलट इंग्रज आणि डच. त्यांना शहराशी घेणं नव्हतं, पण आपली कोठी सोडायची नव्हती. इंग्रज कोठीचा प्रमुख जॉर्ज ऑक्सेंडन याने जहाजांवरून खलाशी आणि तोफा उतरवल्या, आजूबाजूचा थोडा भाग ताब्यात ठेवला आणि ठाम राहिला. मराठी फौजेलाही अशा ठिकाणी वेळ आणि माणसं खर्चायची नव्हती. सोपी, भरलेली घरं हवी तेवढी होती. मुघल कुमक येत असल्याची खबर लागली आणि १० जानेवारीला फौज निघून गेली. औरंगजेबाने नंतर इंग्रज-डचांना जकातीत सूट देऊन शाबासकी दिली. ज्यांनी आपापलं ठाणं राखलं त्यांना बक्षीस, आणि शहर राखायचं ज्याचं काम होतं त्याची उचलबांगडी, असा निकाल लागला.

मग भिंत आली. औरंगजेबाच्या हुकुमाने मातीच्या जागी विटांचा तट बांधायला घेतला गेला. तो उभा राहिला आणि ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले. तटावरच्या पहारेकऱ्यांनी थोडा प्रतिकार केला आणि ते मागे सरले. कुठे? किल्ल्याच्या तोफांच्या आडोशाला. शहर दुसऱ्यांदा लुटलं गेलं. परतीच्या वाटेवर वणी-दिंडोरीला मुघलांनी गाठलं आणि तिथे मराठ्यांनी त्यांचा पराभव केला, पण ती हकिगत वेगळी. तटाबद्दल एवढंच म्हणता येईल, की वीट पोलादाची करणारं फावडं मुघल दरबाराकडेही नव्हतं आणि विटेमागे उभं राहणारा शिपाईही भरवशाचा नव्हता. अठराव्या शतकात उपनगरांना कवेत घेणारा आणखी एक बाहेरचा तट बांधला गेला. आज दोन्ही तट जवळजवळ नाहीसे झाले आहेत. किल्ला मात्र आहे. महापालिकेने त्याची डागडुजी करून तिथे संग्रहालय केलं आहे.

तटांचा काळ सरला, तरी राखायचं काय हा प्रश्न उरलाच. क्षेपणास्त्र वाटेतच अडवण्याचा उद्योग भारतानेही हाती घेतला. २७ नोव्हेंबर २००६ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळ पृथ्वी जातीच्या अस्त्राने समोरून येणारं दुसरं अस्त्र सुमारे पन्नास किलोमीटर उंचीवर टिपलं. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये वातावरणाच्या आत, कमी उंचीवर टिपणाऱ्या दुसऱ्या अस्त्राची चाचणी झाली. वरच्या थरात निसटलं तर खालच्या थरात धरायचं, अशी ही दुहेरी चाळण. गणित थ्युररच्या फिरत्या गोळ्याचंच: जिथे आहे तिथे नाही, जिथे येणार तिथे. फरक इतका, की इथे ढग फुलवायचा नसतो, अस्त्राजवळ अस्त्र न्यावं लागतं. अशी छत्री आधी कुठे उघडायची, याच्या बातम्या २०१२ च्या सुमारास आल्या. त्यांत दोन नावं होती, दिल्ली आणि मुंबई.

त्यानंतरची यादी लांब होती आणि ती छत्रीची नव्हती, भोंग्याची होती. ७ मे २०२५ रोजी देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव घ्यावा, असं केंद्रीय गृहखात्याने सांगितलं. १९७१ नंतर इतक्या मोठ्या प्रमाणावर असं काही झालं नव्हतं. १९७१ मध्ये मुंबईकरांनी खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते. सगळ्यांत संवेदनशील म्हणून पहिल्या वर्गात तेरा ठिकाणं होती. महाराष्ट्रातली तीन: मुंबई, उरण, तारापूर. गुजरातमधलीही तीन: सुरत, वडोदरा, काक्रापार. शहरं वेगळी आणि तळ वेगळे, अशी ही मांडणी होती. उरणला बंदर आणि तेलवायूची ठाणी, तारापूर आणि काक्रापारला अणुऊर्जा केंद्रं. काक्रापारला सुरतेहून जायचं तर रस्ता कडोदरा, बारडोली, व्यारा असा जातो. कडोदऱ्याचं स्वतंत्र नाव यादीत नव्हतं. संध्याकाळी सुरतेत दिवे मालवायचा सराव झाला.